नकाशावर उभा माणूस: व्यंगचित्रांतून साम्राज्यविस्ताराचा इतिहास कसा वाचावा

लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाच्या १० डिसेंबर १८९२ च्या अंकात एक व्यंगचित्र छापून आलं. आफ्रिकेचा नकाशा आणि त्यावर पाय फाकून उभा असलेला एक अवाढव्य गोरा माणूस. एक बूट दक्षिणेला केपटाउनवर, दुसरा उत्तरेला कैरोवर. दोन्ही हात पसरलेले आणि या हातापासून त्या हातापर्यंत ताणलेली तार. पाठीला बंदूक, हातात टोपी. हा माणूस म्हणजे सेसिल ऱ्होड्स. हिऱ्यांच्या खाणींवर गब्बर झालेला, त्या वेळी केप वसाहतीचा पंतप्रधान असलेला आणि ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचा कर्ताधर्ता. केपपासून कैरोपर्यंत टेलिग्राफची तार टाकायचा त्याचा बेत होता. चित्रकार एडवर्ड लिनले सॅम्बर्नने त्याच्या आडनावाचा फायदा उठवला. ऱ्होड्स नावाच्या ग्रीक बेटावर प्राचीन काळी एक महाकाय पुतळा होता आणि तो बंदराच्या तोंडाशी दोन्ही काठांवर पाय रोवून उभा होता, अशी दंतकथा आहे. तीच ढब सॅम्बर्नने या ऱ्होड्सला दिली.

आफ्रिकेच्या वाटणीचा धडा आला की हे चित्र हमखास समोर येतं. 'यात साम्राज्याची हाव दाखवली आहे' असं आपण म्हणतो आणि पान उलटतो. उत्तर चूक नाही, पण घाईचं आहे.

आधी नकाशा बघा. १८९२ मध्ये केप ते कैरो हा सलग पट्टा ब्रिटनच्या ताब्यात नव्हताच. मध्ये जर्मनांची पूर्व आफ्रिका होती, तिच्या पश्चिमेला बेल्जियमच्या राजाचं काँगो होतं. सुदान महदीच्या अनुयायांकडे होता. इजिप्तमध्ये ब्रिटिश फौज १८८२ पासून ठाण मांडून होती, तरी कागदावर तो देश ऑटोमन सुलतानाचा होता. म्हणजे बुटांच्या मधली जवळजवळ सगळी जमीन कुणाची तरी होती. चित्रात दिसतो तो निव्वळ मनोरथ, आणि ती तार पुढेही त्या आखणीप्रमाणे कधी पूर्ण झाली नाही.

आता माणसं शोधा. एवढ्या मोठ्या खंडावर एकही नाही. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, ऱ्होड्सच्या कंपनीने न्देबेले राजा लोबेन्गुलाशी युद्ध केलं आणि त्याचं राज्य बळकावलं. त्या राज्याचा, तिथल्या गावांचा, गुराढोरांचा चित्रात मागमूस नाही. सॅम्बर्नने ती माणसं मुद्दाम पुसली असं मला वाटत नाही. ती चित्रात दाखवायला हवीत हे त्याला सुचलंच नसावं आणि त्याच्या वाचकांनाही त्यांची उणीव भासली नसावी. मला या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच वाटते.

राजकीय व्यंगचित्र हा घटनेचा पुरावा म्हणून कच्चा असतो. लढाई कशी झाली, तहात कोणती कलमं होती, किती माणसं मेली, हे त्यातून कळत नाही. मात्र त्या अंकाच्या वाचकाला कोणत्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नव्हत्या, हे त्यातून फार नेमकं कळतं. व्यंगचित्रकाराला एका नजरेत मुद्दा पोहोचवायचा असतो. वाचकाला ओळखू येणार नाही अशी शंका असेल तिथे तो नाव लिहितो, पाटी लावतो, टोपीवर देशाचं नाव घालतो. जे सगळ्यांनी गृहीत धरलेलंच आहे त्याला पाटी लागत नाही. म्हणून चित्र दोनदा वाचावं लागतं. पहिल्यांदा पाट्या वाचायच्या, दुसऱ्यांदा पाटी नसलेल्या गोष्टी.

सिंह, वाघ आणि तारखा

'पंच' १८४१ मध्ये सुरू झालं. त्याच्या अंकातलं मोठं राजकीय चित्र एका माणसाच्या डोक्यातून निघत नसे. दर बुधवारी संपादक, लेखक आणि चित्रकार रात्रीच्या जेवणाला एकत्र बसत आणि या आठवड्याचा विषय काय, तो कसा मांडायचा, हे तिथे वादविवाद करून ठरे. मग चित्रकार लाकडी ठोकळ्यावर रेखाटन करी, कारागीर ते कोरून काढी आणि त्यावरून छपाई होई. त्यामुळे 'पंच'चा चित्रकार जॉन टेनिएल याचं चित्र पाहताना आपण एका कलावंताचं मन वाचत नसतो. लंडनच्या सुशिक्षित मध्यमवर्गाला काय रुचेल याचा अंदाज घेऊन बसलेल्या एका मंडळीचा निष्कर्ष वाचत असतो.

१८५७ मध्ये या मंडळींनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या लंडनला पोहोचायला कित्येक आठवडे लागत. २२ ऑगस्टच्या अंकात टेनिएलचं चित्र आलं. जमिनीवर पडलेली एक गोरी स्त्री आणि मूल, त्यांच्यावर दबा धरून बसलेला वाघ आणि त्या वाघावर झेप घेणारा सिंह. नाव होतं 'बंगालच्या वाघावर ब्रिटिश सिंहाचा सूड'.

हा वाघ आला कुठून? वाघ हे टिपू सुलतानाने स्वतः मिरवलेलं चिन्ह. त्याच्या सिंहासनावर वाघ, शस्त्रांवर वाघ, सैनिकांच्या कपड्यांवर वाघाचे पट्टे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने जे पदक पाडलं त्यावर सिंह वाघाला लोळवताना दाखवला. गोऱ्या शिपायाचा गळा धरणारा टिपूचा लाकडी यांत्रिक वाघ लंडनला नेऊन कंपनीच्या कचेरीत लोकांना दाखवायला ठेवला. म्हणजे १८५७ मधल्या वाचकाच्या डोक्यात सिंह-वाघाची ही जोडी अर्धशतकापासून तयार होती. टेनिएलला ती फक्त जागी करायची होती. आपल्या शत्रूने अभिमानाने लावलेलं चिन्ह उचलायचं आणि त्यालाच हिंस्र श्वापद ठरवायचं, ही उलटापालट साम्राज्याच्या चित्रांत वारंवार दिसते.

वाघ काढला की आणखी एक काम आपोआप होतं. वाघाला कारण नसतं. त्याने हल्ला का केला असं कुणी विचारत नाही, तो त्याचा स्वभावच. सातारा, नागपूर, झाशी ही संस्थानं खालसा झाली होती, १८५६ मध्ये अवध गिळंकृत झालं होतं, शिपायांच्या पगाराच्या आणि धर्माच्या तक्रारी वर्षानुवर्षं साचल्या होत्या. यातलं काहीही वाघाच्या तोंडी घालता येत नाही. शत्रूला जनावर केलं की त्याची बाजू ऐकायची गरजच उरत नाही. शिवाय हा वाघ 'बंगालचा' म्हटला गेला, पण बंगाल आर्मीतले बहुतेक शिपाई अवध आणि बिहारच्या बाजूचे होते. चित्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आता तारखेकडे या, कारण कोणत्याही व्यंगचित्रात मी सगळ्यात आधी तारीख बघतो. २२ ऑगस्टला दिल्ली उठाववाल्यांच्याच ताब्यात होती. ब्रिटिश फौजेने शहरावर हल्ला चढवला तो १४ सप्टेंबरला. म्हणजे चित्र छापलं गेलं तेव्हा सूड उगवून झालेला नव्हता. सिंह हवेत आहे, त्याचे पंजे अजून वाघाला लागलेले नाहीत. ही बातमी नव्हती, मागणी होती.

१२ सप्टेंबरला 'न्याय' या नावाचं चित्र आलं. तलवार उपसलेली देवता शिपायांना तुडवत पुढे चालली आहे, सोबत ब्रिटिश सैनिक आहेत, आणि एका कडेला हिंदी बायका-मुलं आक्रोश करत बसली आहेत. आजच्या वाचकाची नजर त्या बायकांवर थांबते. पण चित्राचं नाव आणि देवतेचं देखणं, करारी रूप बघितलं की कळतं, हा आक्रोश चित्रकाराने लपवला नाही कारण तो लपवावा असं त्याला वाटलंच नाही. त्याच्या हिशेबात तोही न्यायाचाच भाग होता.

२४ ऑक्टोबरच्या चित्राचा रोख गव्हर्नर जनरल कॅनिंगवर होता. ३१ जुलै १८५७ ला त्याच्या सरकारने फर्मान काढलं होतं की शिपाई दिसला की चढव फाशी असं चालणार नाही, दोषी कोण ते पाहून शिक्षा व्हावी. या संयमावर लंडन संतापलं. 'कॅनिंगची दया' या चित्रात तो एका बुटक्या शिपायाच्या डोक्यावरून हात फिरवतोय आणि आता शहाण्या बाळासारखं वागायचं हं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतोय. शिपाई इथे पोराएवढा केला आहे. दोन महिन्यांपूर्वी तोच शिपाई अक्राळविक्राळ वाघ होता. भीती घालायची असेल तेव्हा जनावर, खिल्ली उडवायची असेल तेव्हा मूल. मोठं, समान उंचीचं माणूस म्हणून तो तिन्ही चित्रांत कुठेच उभा नाही. ही तीन चित्रं तारखेच्या क्रमाने शेजारी ठेवली, तर लंडनचं मन या दोन महिन्यांत कुठून कुठे गेलं हे सरकारी पत्रव्यवहाराचे गठ्ठे चाळूनही इतक्या पटकन हाती लागणार नाही.

चित्रात हिंदुस्थान, भांडण लंडनचं

पुष्कळ चित्रांत हिंदुस्थान दिसतो पण विषय तो नसतो. १७८३ मध्ये ब्रिटिश मंत्री चार्ल्स फॉक्सने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेच्या हाताखाली आणणारं विधेयक मांडलं. जेम्स सेयर्सने डिसेंबरमध्ये चित्र काढलं. पौर्वात्य बादशहाच्या थाटात फॉक्स हत्तीवर बसून लेडनहॉल स्ट्रीटवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीच्या दारात, विजयी प्रवेश करतोय. हत्तीला चेहरा आहे फॉक्सचा सहकारी लॉर्ड नॉर्थचा, आणि पुढे तुतारी फुंकतोय एडमंड बर्क. यात हत्ती आहे, पगडी आहे, पण हिंदुस्थानी माणूस नाही आणि हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल एक अक्षर नाही. भीती एवढीच की कंपनीतल्या नेमणुका आणि पैसा फॉक्सच्या मुठीत जाईल. विधेयक उमरावांच्या सभागृहात पडलं आणि मंत्रिमंडळही गेलं. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपलं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात.

१८७६ मध्येही तेच. व्हिक्टोरिया राणीला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही पदवी देण्याचा कायदा पंतप्रधान डिझरायलीने आणला, तेव्हा टेनिएलने त्याला अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला फेरीवाला केलं. जुना मुकुट द्या, नवा घ्या. राणी फसणार तर नाही ना, इंग्लंडचा जुना मुकुट हलका तर होणार नाही ना, ही चिंता. डिझरायलीचं ज्यू मूळ दाखवणारा पौर्वात्य पेहराव आणि नाकाची ठेवण हाही विनोदाचाच भाग, आणि तो विषारी होता. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात ती पदवी जाहीर झाली तेव्हा दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. मुकुटाच्या त्या चित्रात दख्खन नाही. अशा चित्रांतून हिंदुस्थानचा इतिहास शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. हिंदुस्थानच्या नावावर लंडनमध्ये कोणती भांडणं रंगत होती, ते मात्र लख्ख दिसेल.

सुरी कुणाच्या हातात

जग म्हणजे खायची वस्तू आणि राज्यकर्ते म्हणजे ती कापून वाटून घेणारे, ही कल्पना जेम्स गिलरेने २६ फेब्रुवारी १८०५ ला छापलेल्या चित्रात कायमची रुजवली. टेबलावर पृथ्वीच्या गोलाचं पुडिंग. एका बाजूला ब्रिटनचा पंतप्रधान पिट, उंच, शिडशिडीत, शांतपणे समुद्राचा भलामोठा तुकडा कापणारा. दुसऱ्या बाजूला नेपोलियन, बुटका, खुर्चीवरून अर्धवट उठून अधाशासारखा युरोप ओरबाडणारा. नेपोलियन त्याच्या काळच्या मानाने बुटका नव्हता. त्याला बुटका करण्याचं काम गिलरेसारख्यांच्या चित्रांनी केलं, आणि ते इतकं पक्कं झालं की आजही लोक ते खरं मानतात. गिलरेने पिटलाही सोडलं नाही, हे विशेष. दोघंही खादाडच आहेत.

पुढे शंभर वर्षं हे पक्वान्न टेबलावरून उठलंच नाही. १८८५ च्या जानेवारीत, बर्लिनमध्ये आफ्रिकेविषयीची परिषद चालू असताना, एका फ्रेंच साप्ताहिकाने जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्कला आफ्रिकेचा केक कापताना दाखवलं. त्या परिषदेला चौदा देश बसले होते, त्यांत आफ्रिकेतलं एकही राज्य नव्हतं.

या कुळातलं माझ्या मते सगळ्यात बोलकं चित्र १६ जानेवारी १८९८ चं. 'ल पती जूर्नाल' या फ्रेंच वृत्तपत्राच्या सचित्र पुरवणीत आंरी मेयेरने चीनची पोळी काढली आहे. भोवती व्हिक्टोरिया राणी आणि जर्मन कैसर विल्हेल्म एकमेकांकडे रागाने बघताहेत. कैसरची सुरी 'क्याओचौ' लिहिलेल्या तुकड्यात खुपसलेली. शेजारी रशियाचा झार निकोलस, मग विचारात पडलेला जपानी सामुराई. झारच्या खांद्याशी रेललेली तरुणी म्हणजे फ्रान्सचं प्रतीक मारियान. सगळ्यांच्या मागे दोन्ही हात वर करून ओरडणारा एक चिनी अधिकारी.

बाकीचे देश काय करताहेत ते पाट्या आणि सुऱ्या सांगतात. नोव्हेंबर १८९७ मध्ये शांतुंग प्रांतात दोन जर्मन मिशनऱ्यांचा खून झाला, त्याचं निमित्त करून जर्मनीने क्याओचौचा उपसागर ताब्यात घेतला. डिसेंबरमध्ये रशियाची जहाजं पोर्ट आर्थरला येऊन उभी राहिली. चित्र ताज्या घडामोडींवरचंच आहे. पण मारियानचे हात बघा. तिच्याकडे सुरी नाही. ती नुसती झारच्या मागे आहे, कारण फ्रान्स आणि रशिया यांची युती होती. फ्रेंच वाचकाला दिसलं ते असं: बाकीचे लचके तोडताहेत, आपण फक्त मित्राच्या पाठीशी उभे आहोत. त्याच वर्षी फ्रान्सने दक्षिण चीनमधलं क्वांगचौवान ताब्यात घेतलं आणि ९९ वर्षांच्या पट्ट्यावर आपल्याकडे ठेवलं. छापणारा कोण हे ठाऊक नसतं, तर मारियानची ती साळसूद बैठक आपल्या लक्षातही आली नसती.

आणखी एक. इथे व्हिक्टोरियाला तिचा स्वतःचा चेहरा आहे, कैसरला त्याच्या मिशा आहेत, झार झारसारखा दिसतो. चीनचा सम्राट मात्र नाही. त्याच्या जागी लांब नखांचा, वेणीवाला, कुणीही असू शकेल असा एक माणूस आहे. जिंकणाऱ्यांना नाव आणि चेहरा, जिंकल्या जाणाऱ्यांना फक्त जातकुळी, हा नियम शोधायला लागलात की चित्रामागून चित्रात सापडत जातो.

वर्गात कोण बसलं आहे

१८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला हरवलं. १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे गेले, फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले, आणि क्युबा अमेरिकी फौजेच्या ताब्यात आला. हवाई त्याच वर्षी जोडून घेतलं होतं. ज्या देशाचा जन्मच एका साम्राज्याविरुद्ध बंड करून झाला, त्याने स्वतः साम्राज्य उभारावं का, यावर तिथे खडाजंगी चालू होती. तहाला सिनेटची मंजुरी मिळाली ६ फेब्रुवारी १८९९ ला. त्याआधी, २५ जानेवारीला, 'पक' या अमेरिकी साप्ताहिकात लुई डॅलरिंपलचं 'शाळा सुरू होते' हे रंगीत चित्र आलं.

अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, छडी घेऊन मास्तर झाला आहे. पहिल्या बाकावर चार काळीसावळी, रुसलेली मुलं: क्युबा, प्वेर्तो रिको, हवाई, फिलिपिन्स. मागच्या बाकांवर नीटनेटकी, अभ्यासात गढलेली मुलं: कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, अलास्का. फळ्यावर लिहिलेल्या मजकुराचा आशय असा की, लोकांच्या संमतीने राज्य करावं हे तत्त्व म्हणून छान आहे, प्रत्यक्षात क्वचित घडतं, इंग्लंडने आपल्या वसाहतींना विचारून राज्य केलं नाही. मास्तरांच्या टेबलावर स्वराज्याच्या पहिल्या धड्यांचं पुस्तक आहे.

ही झाली पाट्यांची बाजू. आता पाटी नसलेली तीन मुलं शोधा. एक काळा मुलगा खिडक्या पुसतोय. एक मूळनिवासी इंडियन मुलगा दाराजवळ एकटा बसून उलटं धरलेलं मुळाक्षरांचं पुस्तक वाचतोय. एक चिनी मुलगा उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्यांच्यावर नावं नाहीत, कारण 'पक'च्या वाचकाला ती लागतच नव्हती. गुलामगिरी कायद्याने संपून तीन दशकं उलटली होती, तरी काळ्या मुलाच्या हातात पुस्तक नाही, फडकं आहे. चिनी मजुरांना १८८२ पासून कायद्याने दार बंद होतं. नव्या वसाहतींना शाळेत घेऊन आम्ही उपकार करतोय असं सांगणाऱ्या चित्राने, त्या शाळेत आधीपासून असलेल्यांचं काय झालं तेही नकळत सांगून टाकलं. अशी जागा सापडली की मला वाटतं, व्यंगचित्र हे इतिहासाचं साधन म्हणून किती मोलाचं आहे. चित्रकाराला जे सांगायचं होतं त्याच्या पलीकडचं तो सांगून जातो.

आणि पुन्हा तारीख. फिलिपिन्सने १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. २३ जानेवारी १८९९ ला, म्हणजे हा अंक निघण्याच्या दोनच दिवस आधी, मालोलोस गावी एमिलिओ आगिनाल्दोच्या अध्यक्षतेखाली लिखित संविधानासह प्रजासत्ताकाची स्थापना झाली होती. तिकडे माणसं राज्यघटना घेऊन उभी होती आणि इकडे त्यांना स्वराज्याची बाराखडी शिकवायला पहिल्या बाकावर बसवलं होतं. ४ फेब्रुवारीला मनिलाजवळ युद्ध पेटलं.

त्याच फेब्रुवारीत, इतरांवर राज्य करणं हे गोऱ्यांचं कष्टाचं कर्तव्य मानणारी, इंग्रज कवी किपलिंगची 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही कविता प्रसिद्ध झाली आणि पुढच्या दोन महिन्यांत तिच्यावर दोन अगदी उलटी चित्रं निघाली. १६ मार्चच्या 'लाइफ'मध्ये विल्यम वॉकरने गोरे सत्ताधीश, त्यांत अंकल सॅम आणि ब्रिटनचा जॉन बुल, काळ्यासावळ्या माणसांच्या पाठीवर बसून चाललेले दाखवले. १ एप्रिलच्या 'जज'मध्ये व्हिक्टर गिलमने नेमकं उलटं केलं. जॉन बुल पुढे, अंकल सॅम मागे, दोघांच्या पाठीवर माणसांनी भरलेल्या टोपल्या. जॉन बुलच्या टोपलीत हिंदुस्थान, चीन, इजिप्त, सुदान. वाट खडकाळ, दगडांवर अज्ञान, रानटीपणा, अंधश्रद्धा असली नावं कोरलेली आणि शिखरावर संस्कृतीचा प्रकाश. 'जज' हे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेच्या रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचं साप्ताहिक होतं, हे कळलं की त्या टोपलीचा अर्थ उलगडतो. अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने आलेली, एकाच देशातली, एकाच शब्दांवरची दोन चित्रं. 'त्या काळी सगळे असाच विचार करत' असं कुणी म्हणालं, की मला वॉकरचं चित्र पुढे करावंसं वाटतं. सगळे करत नव्हते.

टीकेच्या मर्यादा, आणि पलीकडून आलेली चित्रं

साम्राज्यावर टीका करणारी चित्रंही त्याच कसोटीवर तपासायला हवीत. सॅम्बर्ननेच, ऱ्होड्सच्या चित्रानंतर चौदा वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९०६ च्या 'पंच'मध्ये काँगोवर चित्र काढलं. रबराच्या वेलीचा अजगर, त्याला बेल्जियमचा राजा लिओपोल्डचं दाढीवालं डोकं, आणि त्याच्या विळख्यात गुदमरणारा काँगोचा माणूस. मागे मुलाला कवटाळून पळणारी बाई. काँगोत रबर गोळा करायला लोकांवर जे भयानक अत्याचार झाले, त्याविरुद्ध ब्रिटनमध्ये मोठी चळवळ उभी राहिली होती, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावं लागलं. चित्र प्रामाणिक आहे, परिणामकारक आहे. ऱ्होड्सच्या पायाखाली नसलेला आफ्रिकी माणूस इथे निदान दिसतो. पण दिसतो तो फक्त बळी म्हणून, आणि गुन्हेगार परक्या देशाचा आहे. स्वतःच्या राणीच्या किंवा राजाच्या मुंडक्याचा अजगर काढणं 'पंच'ला कितपत जमलं असतं, हा प्रश्न मनात येतोच.

मग ज्यांच्यावर राज्य होतं त्यांनी काय काढलं? पुष्कळ काढलं, आणि ते आपण फार कमी बघतो. 'पंच'चा घाट उचलून हिंदुस्थानातच पंच निघाले. लखनौत १८७७ पासून उर्दू 'अवध पंच', मुंबईत गुजराती-इंग्रजी 'हिंदी पंच'. गगनेंद्रनाथ टागोरांनी १९१७ पासून शिळाछापाची व्यंगचित्रं प्रसिद्ध केली, त्यांत इंग्रजी राज्याइतकाच त्या राज्याची नक्कल करणारा बंगाली भद्रलोकही फटकारला. या चित्रांना सरकारी नजर चुकवायची असे, म्हणून रूपकं जास्त आडवळणाची, पुराणातली पात्रं जास्त. त्यांना वेळ द्यावा लागतो.

मेयेरच्या पोळीच्या शेजारी ठेवावं असं एक चित्र हाँगकाँगमधलं आहे. त्से त्सानताय हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, हाँगकाँगमध्ये राहणारा चिनी क्रांतिकारक. १८९८-९९ च्या सुमारास त्याने 'सद्यस्थितीचा नकाशा' काढला. चीनच्या नकाशावर उत्तरेकडून रशियाचं अस्वल पसरलंय, मध्यावर ब्रिटनचा बुलडॉग, दक्षिणेला फ्रान्सचा बेडूक, जपानचा सूर्य आपले किरण लांबवतोय आणि फिलिपिन्सच्या बाजूने अमेरिकेचा गरुड येतोय. पाश्चात्त्यांनी पूर्वेला वाघ आणि पोरं केलं होतं, इथे ते स्वतः श्वापदं झाले. फ्रान्सच्या हातात या नकाशावर सुरी नसली तरी पंजा पुरेसा आहे. याच चित्राची पुढे एक वाढवलेली आवृत्ती निघाली. तिच्यात नकाशावर चिनी माणसंही आली, आणि त्यांत कुणी अफू ओढत पडलेला, कुणी डुलक्या घेणारा, कुणी पैशाला चिकटलेला अधिकारी. लोबेन्गुलाला ऱ्होड्सच्या चित्रात जागा नव्हती, चीनच्या अधिकाऱ्याला मेयेरच्या चित्रात चेहरा नव्हता. त्सेच्या नकाशाच्या या आवृत्तीत त्याला जागाही मिळाली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभंही केलं गेलं, ते त्याच्याच देशातल्या वाचकांसमोर.